जीपच्या इंजिनमागची गळती: सील बदलण्याआधी काय बघायचं आणि मग बदलायचं कसं

जुन्या जीपखाली तेलाचा डाग असायचाच, नसेल तर समजायचं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, तेलच उरलं नाही, हा विनोद मुंबईतला प्रत्येक मेकॅनिक ऐकवतो आणि गिऱ्हाईक हसत घरी जातं. मला त्याचं हसू येत नाही. बसच्या वर्कशॉपात इंजिन सेक्शनला फिटर म्हणून माझी नोकरी झाली. तिथे गळकी गाडी लाइनवर सोडली की फोरमन सगळ्यांदेखत नाव घ्यायचा. आता परळला आमच्या सोसायटीत माझी सीजे-३बी उभी असते आणि फोरमनचं काम सेक्रेटरी करतात. कंपाउंडमध्ये नवे पेव्हर ब्लॉक बसले तेव्हापासून त्यांचं लक्ष माझ्या गाडीच्या पोटाखालीच असतं. त्यांचं चुकत नाही. तेल गळणं हा गाडीचा स्वभाव नसतो. ते कुठून तरी येत असतं आणि ती जागा सापडते.

ही उंच बॉनेटवाली जीप. महिंद्रांनी विलीजच्या परवान्यावर कित्येक वर्षं बनवली, म्हणून अजून बऱ्याच जणांकडे आहे. आत हरिकेन एफ-१३४ पेट्रोल इंजिन: चार सिलिंडर, १३४ घनइंच म्हणजे साधारण २२०० सीसी. बोअर तीन इंच एक सूत, स्ट्रोक चार इंच तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना. क्रँक तीन मेन बेअरिंगवर फिरते. त्यातलं मागचं बेअरिंग, त्याला खालून धरणारी कॅप आणि तिच्यामागचं, क्रँकभोवती तेल अडवणारं दोन तुकड्यांचं सील, हा आजचा विषय. त्याआधीच्या साइड व्हॉल्व्हवाल्या एल-१३४ इंजिनाचा खालचा भाग जवळजवळ असाच असतो, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं त्यालाही लागू पडतं.

आधी गुन्हेगार पकडा

इंजिनामागे फ्लायव्हील आणि क्लचवर जे कवच असतं ते बेलहाउसिंग. त्याच्या तळाशी एक छोटं भोक असतं. तिथून तेल टपकलं की सगळे एका सुरात सांगतात, "रिअर सील गेलं." माझा भाचाही हेच म्हणाला. "मामा, सील आणू का?" तो तर चप्पल घालून निघालाच होता. त्याला थांबवून आधी चिंधी हातात दिली.

त्या भोकाशी तेल चार-पाच वाटांनी पोचतं. अंगावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग सुकलं असेल तर तेल ब्लॉकवरून ओघळत मागे येतं, कारण गाडी चालताना वारा सगळं मागेच ढकलतो. ऑइल पंप बाहेरून बसवलेला आहे, त्याचं पॅकिंग गळतं. चेंबरचं मागचं टोक गळतं. कॅमशाफ्टच्या मागे ब्लॉकमध्ये पत्र्याची एक गोल टिकली ठोकलेली असते, ती फ्लायव्हीलच्या आड असते आणि कुणालाच आठवत नाही. शिवाय गिअरबॉक्सचं तेल पुढच्या शाफ्टवरून बेलहाउसिंगमध्ये उतरतं. ते ओळखणं सोपं आहे. बोटावर घ्या आणि हुंगा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प येतो, बोटं चिकटतात. इंजिन ऑइल पातळ, काळपट आणि जळकट वासाचं असतं.

इंजिनाचा मागचा भाग आणि चेंबरची कड डिझेलने धुऊन कोरडी पुसा, त्यावर टाल्कम पावडर मारा आणि गाडी दादर-माहीम करून गरम होईपर्यंत फिरवून आणा. खाली टॉर्च घेऊन झोपलात की पावडरीत ओली रेघ दिसते. रेघ ब्लॉकच्या अंगावरून आली असेल तर टॅपेट कव्हर किंवा पंप. बाहेरचं सगळं कोरडं आणि फक्त भोक ओलं असेल, तर तेल आतून येतंय. म्हणजे मागचं सील, त्याच्या कडेची रबरं किंवा कॅमची टिकली.

एक सूचना इथेच. ते भोक बूच मारून बंद केलेल्या जीपा मी पाहिल्या आहेत. "पावसात हिंदमाताला पाणी भरतं, आत जायला नको" हे कारण सांगतात. पाण्यातून न्यायची असेल तर तेवढ्यापुरतं बूच लावा, पण घरी आल्यावर काढा. नाहीतर गळणारं तेल आत साठतं, फ्लायव्हील ते उडवतं आणि क्लच प्लेट भिजते. मग बोरघाटात चढावर इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही.

आता खरं महत्त्वाचं. सील का गळतं, याचं उत्तर बहुतेक वेळा सीलमध्ये नसतं.

पहिलं कारण म्हणजे क्रँककेसमधला, म्हणजे क्रँक फिरते त्या इंजिनाच्या पोटातला, दाब. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा गॅस खाली येणारच. तो बाहेर जायला टॅपेट कव्हरपासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंत नळी आणि त्यात पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. तो चिकटाने बुजला की दाब वाट शोधतो आणि सगळ्यात नाजूक वाट मागचं सीलच असतं. इंजिन मंद चालू ठेवून तेल भरायच्या तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी धरा. किंचित आत ओढली गेली तर ठीक. फुगून उडाली तर आधी व्हॉल्व्ह आणि नळी पेट्रोलने धुवा. धुऊनही पिशवी फुगतच असेल तर रिंगा झिजल्यात, आणि नवं सील फार दिवस साथ देणार नाही.

दुसरं कारण म्हणजे झिजलेलं मेन बेअरिंग. क्रँक वरखाली हलत असेल तर सीलचा ओठ तिच्यामागे किती धावणार? तेलाचा दाब बघा. गरम इंजिनाला आयडलला १० पौंडांच्या आसपास आणि ताशी ३५ मैलांना ३५ पौंड, हे कंपनीचं माप. गरम झाल्यावर काटा झोपत असेल तर सीलच्या मागे लागू नका, बेअरिंग बघा. पुढेमागे प्ले तपासायची सोपी रीत अशी: एकाला क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही पुढच्या पुलीकडे बघा. पुली डोळ्यांना दिसेल एवढी पुढे सरकली तर प्ले जास्त आहे. असायला हवा ४ ते ६ थाव (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतका.

सामान

ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जीपचे पार्ट मिळतात. सीलंट, पॉलिश पेपर असलं सटरफटर नागदेवीला. सील घेताना दुकानात उभं राहूनच पाकीट उघडा. दोन्ही अर्धे तुकडे एकाच पाकिटातले हवेत. रबर नखाने दाबलं की दबून परत यायला हवं. काउंटरमागे वर्षानुवर्षं पडलेलं सील वरून नवं दिसतं, पण वाकवलं की ओठाच्या मुळाशी बारीक भेगा उमटतात. ओठाच्या धारेवरून बोट फिरवा, कुठे खरचटलं तर दुसरं मागा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

सीलबरोबर कॅपच्या कडेची दोन रबरी पॅकिंगं मिळतात का, ते विचारा. नसतील तर वेगळी घ्या, पण घ्याच. चेंबरचं पॅकिंग, तेलाच्या जाळीचं पॅकिंग आणि फिल्टरही आणा. फार जुन्या इंजिनात सीलच्या जागी दोरी भरलेली असते. तुमच्यात ती निघाली आणि खाचेचं माप जुळत असेल तर रबरी सील बसवा. जुनी दोरी बऱ्याचदा ॲस्बेस्टॉसची असते. ती कोरडी खरवडू नका, हवा मारू नका. तेलाने ओली करून काढा आणि पिशवीत बांधून ठेवा.

चेंबर उतरवणं

हे काम इंजिन न उतरवता खालून होतं. क्लच प्लेट भिजलेली असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागणारच. मग फ्लायव्हीलही काढा आणि कॅमची टिकली त्याच वेळी बदला. ती स्वस्त असते, पण तिच्यापर्यंत पोचणं महाग पडतं.

बॅटरीची अर्थ काढा. गाडी सपाटीवर घ्या. आमच्या कंपाउंडला गटाराकडे उतार आहे, म्हणून मी मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावतो. जॅक चॅसिसला लावून पुढची बाजू उचला आणि चॅसिसखाली दोन घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, द्या. एक्सल मोकळा खाली लोंबू द्या, म्हणजे चेंबर काढायला जागा होते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. विटा आणि पेव्हर ब्लॉक या कामाला चालत नाहीत, ते बघता बघता फुटतात.

तेल गरम असतानाच सोडा. स्पार्क प्लग काढून ठेवा, म्हणजे पुढे क्रँक हाताने फिरवायला जड जात नाही. चेंबरचे बोल्ट सैल करताना मागचे दोन शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर चेंबर एकदम सुटून उरलेलं तेल तोंडावर. आत तेलाची तरंगती जाळी दिसेल. ती काढून धुवा. तिच्या पॅकिंगमधून हवा शिरली तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो, म्हणून जुनं पॅकिंग परत वापरू नका.

चेंबरच्या तळाचा गाळ बोटात घेऊन चोळा. काळा चिखल असेल तर नुसती घाण. चमचमीत, तांबूस किंवा रुपेरी कण दिसले तर काम इथेच थांबवा. बेअरिंग बोलतंय.

मागची कॅप

कॅपवर आणि ब्लॉकवर पंचने खूण करा, पुढची बाजू कुठली तेही. जुन्या खुणा असल्या तरी आपली वेगळी करा, कारण आधीच्या कुणी उलटसुलट केलेलं असू शकतं. पुढच्या आणि मधल्या कॅपचे बोल्ट काढू नका. फक्त एक-दोन आटे सैल करा, म्हणजे क्रँक केसभर खाली येते आणि वरचा अर्धा तुकडा सरकायला जागा होते. मग मागच्या कॅपचे बोल्ट पूर्ण काढा.

कॅप सहजासहजी येत नाही. ती खुंट्यांवर घट्ट बसलेली असते आणि कडेच्या जुन्या रबराने धरून ठेवलेली असते. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलवत काढा, एका बाजूने पहार घालून उचकटू नका. कॅप हातात आली की त्यातलं बेअरिंगचं शेल, म्हणजे अर्धगोल पट्टी, सांभाळा. ते कुठल्या बाजूने बसलंय ते लिहून ठेवा आणि स्वच्छ कापडात ठेवा.

शेलवर अंगठा फिरवा. राखाडी, एकसारखं असेल तर चांगलं. तांबं दिसत असेल किंवा खोल चरे असतील तर शेलं बदला. माप घ्यायला प्लॅस्टिगेजची तार मिळते. ती शेलवर आडवी ठेवायची, कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, परत काढायची आणि तार किती चपटी झाली ते पट्टीवर बघायचं. तेवढा वेळ क्रँक फिरवायची नाही. तीन थावच्या आत असायला हवं.

कॅपचे तोंडाचे दोन्ही पृष्ठभाग काचेवर किंवा सपाट पट्टीवर ठेवून बघा. कानस मारल्याच्या रेघा दिसतात का? आपल्याकडे एक जुनी खोड आहे. बेअरिंग ढिलं झालं की नवं शेल आणण्याऐवजी कॅपच कानसून बारीक करायची. आवाज काही दिवस बंद होतो, पण कॅप कानसली की सीलचं घरही गोल राहत नाही, लंबगोल होतं. मग जगातलं कुठलंही सील तिथे टिकत नाही. अशी कॅप असेल तर लाइन बोअरिंग, म्हणजे बेअरिंगची सगळी घरं एका रेषेत गोल कापणं, करणाऱ्याकडे जायला लागेल आणि त्यासाठी ब्लॉक उतरवावा लागेल. दुसरा उपाय नाही. सीलंटचा थर दिला तरी महिनाभरात डाग परत दिसतो.

आता वरचा जुना अर्धा तुकडा. त्याच्या एका टोकावर पितळी किंवा ॲल्युमिनियमची बारीक सळई ठेवून हलक्या हातोडीने टिचक्या मारा. दुसरं टोक बाहेर डोकावलं की पकडीने धरा आणि भाच्याला क्रँक त्याच दिशेने हळू फिरवायला सांगा. तुकडा वळत बाहेर येतो. लोखंडी पंच वापरू नका. तो निसटला की क्रँकवर ओरखडा उमटतो आणि तो ओरखडा पुढे कायम तेल बाहेर काढत राहतो. दोरी असेल तर टोकात लाकडाचा बारीक स्क्रू फिरवून शिरवा आणि स्क्रूला धरून ओढा.

सील जिथे घासतं ती क्रँकची पट्टी टॉर्चच्या उजेडात बघा. नख आडवं फिरवून बघा. चकचकीत रेघ दिसते पण नख अडत नाही, तर चालेल. नख अडत असेल तर खाच पडलीय आणि क्रँक लेथवर न्यायची वेळ आली. साधा गंज किंवा चिकटा असेल, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीला तो असतोच, तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची बोटभर रुंद पट्टी तेलात भिजवून, बूटपॉलिशवाला फडकं ओढतो तशी, क्रँकभोवती ओढायची. चिमूटभर काम आहे, फार घासू नका. त्याआधी बेअरिंगच्या बाजूची तेलाची भोकं चिंध्यांनी झाका आणि नंतर चिंध्या मोजून काढा. शेवटी पेट्रोलने पुसून बोट फिरवलं तर काळं लागता कामा नये.

नवं सील

ओठ तेलाकडे, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या बाजूला. एवढं वाक्य भिंतीवर खडूने लिहून ठेवलं तरी चालेल. उलटं बसलेलं सील तेल अडवत नाही, बाहेर ओढतं.

वरचा तुकडा ब्लॉकच्या खाचेत सरकवताना खरा धोका खाचेच्या धारदार कडेचा असतो. सील आत जाताना ती कड रबराच्या पाठीवरून साल काढल्यासारखी पातळ पट्टी सोलते. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी मात्र पहिल्याच दिवशी गळायला लागते आणि दोष सीलच्या कंपनीला दिला जातो. मी जुन्या एक्सरेच्या फिल्मची दोन बोटं रुंद पट्टी कापतो, कडा घासून गुळगुळीत करतो आणि खाचेच्या कडेवर वाकवून धरतो. सील त्या पट्टीवरून आत घसरतं, धातूला लागतच नाही. फिल्म पातळ, चिवट आणि गुळगुळीत असते. घरोघरी कपाटात कुणा ना कुणाच्या गुडघ्याचा एक्सरे पडलेला असतोच. पत्र्याचा तुकडा घेऊ नका, तो स्वतःच कापतो.

ओठाला स्वच्छ इंजिन ऑइल लावा, पाठ कोरडी ठेवा. एक टोक खाचेत घालून अंगठ्याने दाब द्या आणि दुसऱ्या माणसाला क्रँक हळूहळू त्याच दिशेने फिरवत राहायला सांगा. क्रँक सीलला आत ओढून घेते. अडलं तर जोर लावू नका. मागे घ्या, परत तेल, परत प्रयत्न. दोन्ही टोकं ब्लॉकच्या पृष्ठभागाशी समान आली की फिल्म काढून घ्या.

काही मेकॅनिक वरखालच्या तुकड्यांचा जोड मुद्दाम थोडा सरकवतात, एक टोक आत आणि एक बाहेर. काही इंजिनांत ते बरोबर आहे. या सीलची टोकं मात्र एकमेकांना समोरासमोर भिडून बंद व्हावीत अशीच केलेली असतात, म्हणून मी सरकवत नाही. दोन्ही टोकांवर टाचणीच्या डोक्याएवढं सीलंट लावतो, बस्स. टोकं कापू किंवा घासू नका.

खालचा तुकडा कॅपमध्ये बसवा, दिशा परत एकदा बघा. कॅप आणि ब्लॉक जिथे भिडतात त्या पृष्ठभागावर सीलच्या खाचेपासून मागे अगदी पातळ सीलंटचा हात द्या, बोटाने पुसून घेतल्यासारखा. खाचेच्या पुढे, बेअरिंगच्या बाजूला, थेंबही जाता कामा नये. तिथे सीलंट दाबलं गेलं तर कॅप वर उचलली जाते, बेअरिंगचं माप बिघडतं, आणि सुटलेला तुकडा तेलाच्या वाटेत अडकला तर पुढे काय होतं ते सांगायला नको. ट्यूबभर सिलिकॉन फासणाऱ्यांच्या हातात मी पाना देत नाही. कॅपमधल्या तेलाच्या वाटा आणि खाचा तारेने मोकळ्या करून घ्या. बेअरिंगमधून आलेलं बहुतेक तेल तिथूनच चेंबरात परतायला हवं. सीलने फक्त उरलंसुरलं पुसायचं असतं.

शेलला तेल लावा आणि कॅप हाताने सरळ बसवा. ठोकायची झाली तर लाकडावरून. बोल्ट तीन टप्प्यांत आवळा आणि प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक एक फेरा फिरवा. शेवटचं माप ६५ ते ७५ फूट-पाउंड, म्हणजे ८८ ते १०२ न्यूटन-मीटर. सैल केलेल्या पुढच्या दोन कॅपनाही तेच. कुठल्याही टप्प्यावर क्रँक अडकली तर पुढे जाऊ नका. कॅप उलटी बसली आहे, शेल सरकलं आहे किंवा खाली कचरा आहे.

कडेची दोन रबरं

माझ्या मते निम्म्याहून जास्त "रिअर सील गेलं"वाल्या जीपांचा आजार इथे असतो.

कॅपच्या दोन्ही कडांना, कॅप आणि ब्लॉकच्या मध्ये, एक-एक उभं भोक तयार होतं. त्यात रबराची एक-एक कांडी जाते. सील कितीही चांगलं बसलं तरी ही कांडी नसेल, वाळलेली असेल किंवा आखूड कापलेली असेल, तर तेल सीलला वळसा घालून या भोकातून मागे निघतं. आणि थेंब पडतो बरोबर सील गळल्यासारखा, त्याच जागी.

कांडीला साबणाच्या पाण्याचा हात लावा. बोटांनी ओढून थोडी बारीक करा आणि बोथट गोल सळईने सरळ वर ढकलत न्या. सळई टोकदार असेल तर रबराच्या पोटात घुसते. कांडी मध्येच पिळली तर बाहेर काढून परत सुरुवात करा, कारण पिळाच्या जागी फट राहते. पूर्ण आत गेल्यावर तिचं खालचं टोक ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या खाली साधारण दोन सूत, म्हणजे पाव इंच, लोंबत राहायला हवं.

भाच्याने ब्लेड हातात घेतलं. "मामा, हे जास्तीचं कापून समान करू?" दहातले आठ लोक हेच करतात. दिसायला नीटनेटकं दिसतं ना! पण ती दोन सूत जास्तीची नाहीतच. चेंबर वर चढतो तेव्हा त्याची कड ही टोकं वर दाबते, कांडी भोकात फुगते आणि चारी बाजूंनी घट्ट बसते. समान कापली की दाबायला काही उरत नाही, कांडी भोकात नुसती पडून राहते. ब्लेड खिशात गेलं.

परत जोडणं

चेंबरची कड सपाट करा. प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती पत्रा वर ओढला गेलेला असतो. कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने ते उंचवटे बसवा. हे केलं नाही तर नवं पॅकिंग भोकाभोवती चिरडतं आणि दोन भोकांच्या मध्ये सैल राहतं. जाळी नव्या पॅकिंगने बसवा. बुचाचं पॅकिंग असेल तर सीलंटची गरज नाही, फक्त जागेवर राहावं म्हणून चेंबरच्या बाजूला थोडं ग्रीस. बोल्ट मधून कडेला, आलटूनपालटून, १२ ते १५ फूट-पाउंड. पॅकिंग बाहेर फुगायला लागलं की थांबा.

तेल पावणेचार लिटरच्या आसपास जातं, फिल्टर बदलला असेल तर पावणेपाच. भरताना डिपस्टिक बघत भरा. मी २०डब्ल्यू-५० वापरतो, मुंबईच्या उकाड्यात ते ठीक बसतं. कॉइलची वायर काढून, प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर मारा, काट्यावर दाब दिसेपर्यंत. मग प्लग लावा आणि इंजिन चालू करा. दहा-पंधरा मिनिटं मंद चालू द्या आणि खाली टॉर्च मारा. पहिल्या फेरीत भोकातून दोन-चार थेंब आले तर घाबरू नका. बेलहाउसिंगमध्ये आधी साठलेलं तेल निघतंय. आठवड्यानंतरही येत असेल तर परत पावडर मारा.

निघालेलं तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल गोळा करून अधिकृत ठिकाणी पाठवणाऱ्या गॅरेजला द्या. आमच्या गल्लीतलं गटार पुढे थेट नाल्याला मिळतं.

शे-दीडशे किलोमीटर झाले की थंड इंजिनावर चेंबरचे बोल्ट एकदा परत बघा. नवं बुचाचं पॅकिंग थोडं बसतं, त्यामुळे पाव आटा येईल. तो घ्या आणि त्यानंतर पाना लावू नका. दर रविवारी आवळत राहिलात तर बूच फाटतं आणि चेंबर परत उतरवावा लागतो.